दुकान हललं की गल्ली हलायची

नदीकाठच्या त्या गल्लीत पुराची बातमी भोंग्यावरून कुणी घेत नसे. भोंगा लावलेली गाडी यायची, "नागरिकांनी सामान उंचावर हलवावे" असं ओरडत निघून जायची आणि गल्ली हसायची. कारण आभाळात फडक्याएवढा ढग दिसला तरी ती गाडी हजर. न सांगता पाणी आलं तर साहेबाची खुर्ची जाते, आणि सांगून आलं नाही तर कुणाचंच काही जात नाही. मग साहेब सांगतच राहणार. सुरुवातीला लोकांनी ऐकलं, ट्रंका माडीवर नेल्या, कपाटं विटांवर चढवली, कमरा धरून बसले. पाणी काही आलं नाही. तेव्हापासून भोंगा वाजला की लोक एवढंच करायचे, दारातून मान बाहेर काढून गल्लीच्या तोंडाशी असलेल्या दादाच्या किराणा दुकानाकडे बघायचे.

दादाने तांदळाची पोती माळ्यावर चढवायला घेतली की समजायचं, पाणी येणार. मग सांगावं लागायचं नाही. ज्याचं आवरलं तो शेजाऱ्याचं आवरायला जायचा, आणि चहाचं आधण दुसऱ्यांदा उकळेपर्यंत अख्खी गल्ली जमिनीवरून उचललेली असायची. दुकान हललं नाही तर गल्लीही हलायची नाही. आकाश कोसळू दे.

यात जादूटोणा काही नव्हता. दुकानाच्या परसात एक जुनी मोरी होती, ती मागच्या नाल्याला मिळायची. नदी फुगली की नाला तुंबायचा आणि मोरी उलटी वाहायला लागायची. दादाच्या बापाने आयुष्यभर त्या मोरीवर डोळा ठेवला, आणि मरताना दुकान आणि मोरी दोन्ही दादाच्या हवाली केलं. परसाला उंच भिंत होती. मोरी फक्त त्या घराला दिसायची. दुकान मात्र सगळ्यांना दिसायचं.

दादाची धाकटी बहीण त्याच गल्लीत, उतारावर, मधोमध राहायची. ती आणि तिचा नवरा गाद्या करायचे. खाली कारखाना म्हणजे एक लांबोडकी खोली, तिच्यात कापूस पिंजायचं यंत्र, खोळींचे ढीग, सुतळ्या, दाभणं. वर शिडी चढून गेलं की राहायची खोली. सगळी गल्ली तिला ताई म्हणायची. दादा एकटा तिला अजून चिमे म्हणायचा. ती पन्नाशीला टेकली होती, अंगाने भरली होती, तरी चिमे.

त्या दिवशी सकाळी भोंगा आला तेव्हा ती एका गादीला टाके घालत होती. नर्सिंगच्या मुलींच्या वसतिगृहाचं काम होतं. इतकं मोठं काम त्यांना कधीच मिळालं नव्हतं. तयार गाद्या भिंतीला लावून छताच्या दिशेने निघाल्या होत्या, आणि उरलेला कापूस खोलीच्या निम्म्या जागेत पांढऱ्या डोंगरासारखा बसला होता. आठवडा संपायच्या आत माल पोचवायचा होता.

नवऱ्याने हातातली काठी खाली ठेवली.

"अगं, तयार गाद्या तरी वर नेऊया का?"

"कुठे वर? आपण झोपायचं कुठे मग?"

"गाद्यांवर."

"छताला नाक घासत?"

"नाक घासलेलं चालतं. पाण्यात बुडालेलं चालत नाही."

ती हसली. नवरा भित्रा म्हणून गल्लीत ओळखला जायचा, आणि त्याची टिंगल करण्यात ती सगळ्यांच्या पुढे असायची. पाल दिसली तरी हा माणूस चप्पल शोधायचा, मारायला नाही, पळायला.

"अहो, दादाचं दुकान हललं का?"

त्याने दारातून मान लांब केली. "नाही."

"मग दाभण घ्या हातात."

त्याने दाभण घेतलं, पण त्याचे टाके वाकडे पडायला लागले. तिने दोनदा उसवायला लावले. शेवटी दुपारी तीच उठली. "थांबा, तुमच्या जिवाला शांती नाही. विचारून येते, म्हणजे तुम्हीही सुटाल आणि गादीही सुटेल."

पाऊस बारीक होता. दारोदारी लोक तिला विचारत होते. इस्त्रीवाला दारात टेबल टाकून कोळसे फुंकत होता. तो भाडेकरू. खोली एकच, माळा नाही, आणि घरमालक भिंतीला खिळा ठोकू देत नसे, म्हणून गिऱ्हाइकांच्या कपड्यांची गाठोडी जमिनीवर. पाणी आलं तर सगळ्यात आधी त्याचं जायचं, आणि उचलून ठेवायला स्वतःची जागा त्याला नव्हतीच. गल्ली हलली की त्याची गाठोडी कुणाच्या तरी माडीवर जायची. एकट्याने कुणाचं दार ठोठावायचं?

"ताई, दादांकडे निघालात? काय ते सांगा बरं. हे सगळं धुतलेलं आहे, पुन्हा धुतलं जायला नको."

समोरच्या ओट्यावर भिंतवाले काका बसले होते. नदीला सरकारने भिंत बांधली तेव्हापासून ते दुसरं बोलतच नसत, म्हणून हे नाव. "अहो, भिंत आहे ना! भिंत कशाला बांधलीय? बसून चहा प्यायला!" असं म्हणून त्यांनी बशीतला चहा ओढला.

दुकानात दादा साखर तोलत होता. स्टुलावर एक कडक इस्त्रीचा माणूस बसला होता, गुडघ्यावर छत्री, हातात कप. ती पायरीवरूनच म्हणाली, "दादा, भोंगा बोंबलतोय सकाळपासून. मोरी काय म्हणते?"

दादाचा हात पुडीवर थांबला. मग तो मोठ्याने हसला. जरा जास्तच मोठ्याने, पण हे तिला नंतर आठवलं.

"मोरी काय म्हणणार? मोरी मोरीसारखी वाहतेय."

"कसली मोरी?" कडक इस्त्रीच्या माणसाने विचारलं.

"काही नाही साहेब. ही माझी बहीण. लहानपणापासून पाण्याला घाबरते. आंघोळ घालायची म्हटलं तरी आईला गल्लीभर पळवायची." मग तिच्याकडे वळून, थेट डोळ्यांत बघून म्हणाला, "चिमे, काही नाही. निवांत जा. पाणीबिणी येत नाही. तुझ्या नवऱ्याची भीती चिकटली वाटतं तुला." आणि नेहमीसारखे मूठभर शेंगदाणे तिच्या ओंजळीत टाकले.

तिने दुकानावर नजर टाकली. समोरचे डबे ओळीने उभे, पोती जागच्या जागी, माळा मोकळा. तिचं मन भरलं. परतताना ती शेंगदाणे खात चालली आणि प्रत्येक दाराला सांगत गेली, "काही नाही! दादा म्हणाला, काही नाही!" इस्त्रीवाल्याने हात जोडले आणि गाठोडी होती तिथेच ठेवली. भिंतवाले काका म्हणाले, "मी काय सांगत होतो?"

पाणी त्याच दिवशी आलं, भर उजेडात.

ओरडत नाही आलं. आधी गटाराच्या झाकणांतून बुडबुडे आले, मग उंबऱ्याखालून एक जीभ आत सरकली. नवऱ्याने खोळी शिवायचं यंत्र उचललं आणि शिडी चढला. ती गाद्यांना भिडली. वरच्या काही निघाल्या, पण शिडी अरुंद आणि गादी रुंद. एक वर नेईपर्यंत खालची भिजायची. आणि भिजलेली गादी म्हणजे मेलेली म्हैस, चार माणसांनाही हलत नाही. कापसाच्या डोंगराने खालून पाणी प्यायला सुरुवात केली. आधी त्याचा पाय काळा झाला, मग पोट, मग तो आपल्याच वजनाने बसला. ती छातीएवढ्या पाण्यात उभी राहून कापूस बाजूला करत होती, जसं कुणी बुडत्या माणसाचे केस धरतं. शेवटी नवऱ्याने हाताला धरून ओढलं.

"चल. गेलं ते गेलं."

तो "मी म्हटलं होतं" असं म्हणाला नाही. त्या रात्री नाही आणि पुढेही नाही. त्याने म्हटलं असतं तर तिला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी पाणी उतरलं आणि गुडघाभर गाळ मागे राहिला. गल्लीत कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. इस्त्रीवाला चिखलातून एकेक सदरा ओढून काढत होता, कुणाचा कुठला ते त्याला कळत नव्हतं. तिने आपल्या खोलीकडे पाहिलं आणि पाठ फिरवली. तिच्या डोक्यात एकच होतं. दादा. कापूस वाळवता तरी येतो, पण भिजलेला तांदूळ, भिजलेली साखर, डाळ? दादा तर साफ धुतला गेला असणार. मोरीने आयुष्यात पहिल्यांदा त्याला फसवलं असणार. बापाची शिकवण खोटी ठरली म्हणून तो आतून मोडला असणार. आपलं ओलं तसंच टाकून ती झाडू आणि बादली घेऊन निघाली.

दुकानापुढे माणसं जमली होती. दादा पायरीवर बसला होता, डोकं हातात. दारात फुटलेलं एक तांदळाचं पोतं पसरलं होतं. "काय करणार," तो म्हणत होता, "मलाच नाही कळलं. मोरी गप्प बसली." भिंतवाले काका त्याच्या पाठीवरून हात फिरवत होते. स्वतःचा रेडिओ, पलंग, ट्रंका गाळात घालवून आलेला म्हातारा दादाला धीर देत होता.

तिला भडभडून आलं. पुढे गर्दी म्हणून ती मागच्या बोळातून परसात शिरली आणि वहिनीला हाक मारत घरात गेली. वहिनी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली होती. तिने ताईच्या हातातला झाडू बघितला आणि तिचा चेहरा पडला.

"तुम्ही कशाला आलात?"

"कशाला म्हणजे? उठा. वर काही राहिलंय का बघू, मग खालचं काढू."

"वर नका जाऊ."

पण ती तोवर निम्मा जिना चढली होती. दार लोटलं. पलंग भिंतीला उभा केलेला, आणि खोलीभर पोती. तांदूळ, साखर, डाळी, तेलाचे डबे, साबणाची खोकी, सगळं नीट थरावर थर, आणि कोरडं ठणठणीत. पोत्यांच्या खाली फळ्या घातलेल्या. घाईत कुणी फळ्या घालत नाही.

वास कोरड्या धान्याचा येत होता, लहानपणीच्या दुकानाचा. ती तिथेच दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. बराच वेळ तिला वाटत होतं, आपल्याला काहीतरी नीट दिसत नाहीये.

"कधी चढवलं?"

वहिनी खालीच उभी राहून बोलली. "आदल्या दिवशी. मोरी सकाळीच उलटली होती. गल्ली जेवून आडवी झाली तेव्हा मागच्या मागे चढवलं, दोघांनीच. माझी पाठ बघा, सरळ होत नाही."

"आणि खालची पोती?"

"भुसा. पुढचे डबे रिकामे." वहिनीच्या तोंडून शब्द ढकलल्यासारखे निघत होते. "तो औषधवाला आला होता ना, छत्रीवाला. त्याला दुकान घ्यायचंय. चांगला भाव देतोय. गल्लीत पाणी येत नाही असं ह्यांनी त्याला सांगितलंय. आपण माळ्यावर चढवायला घेतलं असतं तर त्याच्या डोळ्यांदेखत सगळी गल्ली ट्रंका घेऊन पळाली असती. मग कोण घेतो दुकान?"

"मी विचारायला आले होते, वहिनी."

"मी आतून ऐकत होते."

"तुम्ही तरी—"

"मला म्हणाले, तोंड उघडलंस तर बघ." वहिनी रडायला लागली. "ताई, पोरांना आता इथे राहायचं नाही. आम्हाला ह्या पाण्यातून सुटायचंय. तुम्हाला कळेल ना?"

तिला कळत होतं. तेच वाईट होतं. सगळ्यांनाच पाण्यातून सुटायचं होतं. फक्त दादा इतरांच्या खांद्यांवर पाय देऊन सुटत होता, आणि पहिला खांदा तिचा होता. परक्याने गळा कापला तर माणूस ओरडतो तरी. आपल्याने केसाने कापला की आवाज कुठून काढायचा? आपलेच दात, आपलेच ओठ. ती बादली घेऊन आली तशी परतली. पुढच्या दारात दादा अजून धीर घेत होता.

घरी येऊन तिने नवऱ्याला सांगितलं. तो गादीची शिवण उसवून ओला कापूस बाहेर काढत होता. त्याने हात थांबवला नाही. उसवता उसवता म्हणाला, "कुणाला सांगितलंस?"

"नाही."

"सांगणार?"

"माझा भाऊ आहे तो."

"हो," तो म्हणाला. "ते तर आहेच."

दोन दिवस ऊन पडलं. तिने गाद्या गल्लीत आणून टाकल्या, ओट्यांवर, खाटांवर, दोऱ्यांवर, जिथे जागा मिळेल तिथे. त्या वाळून पुन्हा विकायच्या कामाच्या नव्हत्या, हे तिला माहीत होतं. वसतिगृहाच्या बाईंनी आधीच दुसरीकडे काम दिलं होतं. तरी ती दिवसभर काठीने गाद्या झोडपायची. लोक म्हणायचे, ताई किती कष्टाळू. नवरा लांबून बघायचा आणि जवळ यायचा नाही.

लोक बोलायचे ते दादाबद्दलच, पण कीव करून. "दादांचं वय झालं." "मोरीत गाळ साचला असेल." "एखाद वेळी चुकतं माणसाचं. पुढच्या वेळी नाही चुकणार." हे शेवटचं वाक्य तिला काट्यासारखं लागायचं. पुढच्या वेळी.

तिसऱ्या दिवशी सकाळी भोंगा पुन्हा आला. वरच्या अंगाला जोरात पाऊस झाला होता, धरणाचे दरवाजे उघडणार होते. आणि भोंग्याच्या मागोमाग दादा आला. पुरानंतर पहिल्यांदा तिच्या दारात. हसतमुख, दाढी केलेली, स्वच्छ सदरा.

"चिमे, एक काम आहे. ह्या गाद्या जरा आत घेतेस का? दुपारपर्यंतच."

ती झोडपायची थांबली. "का रे?"

"माझा एक माणूस येणार आहे. गल्लीचा नुसता उकिरडा झालाय. बरं दिसत नाही."

"ओल्या गाद्या आत घेऊ? कुजतील."

"कुजल्याच आहेत त्या." मग त्याचं त्यालाच उमगलं आणि तो जवळ आला, आवाज उतरवला. "हे बघ. बायकोने तुला सांगितलंय, मला माहितीय. झालं ते झालं. त्या औषधवाल्याला मी पटवलंय, परवा नुसतं गटार तुंबलं होतं. आज सौदा पक्का होतोय. आजचा दिवस गप्प राहा. तुला मी वाऱ्यावर सोडणार आहे का? पुढच्या सगळ्या कापसाचं मी बघतो."

"मोरी काय म्हणते?"

दादाने गल्लीच्या तोंडाकडे बघितलं.

"दादा, मी विचारतेय. मोरी उलटलीय का?"

"थोडीशी," तो म्हणाला. "पण येईलच असं नाही. दुपारी तो गेला की मीच सगळ्यांना सांगतो. आईशप्पथ सांगतो." आणि सवयीने त्याने खिशात हात घातला, शेंगदाण्यांसाठी असेल. ती एक पाऊल मागे सरकली.

तो गेल्यावर इस्त्रीवाला आला. नदीच्या गाळाने कपडे पिवळे पडलेले, गिऱ्हाइकांच्या शिव्या खाऊन चेहरा उतरलेला. तरी तो हसत होता, कारण त्याची नजर गल्लीच्या तोंडाला होती.

"ताई, भोंगा ऐकलात? पण दुकान हललेलं नाही. बघा, पुन्हा मांडलेली पोतीही जागच्या जागी. म्हणजे आज काही नाही. मी आपली धुलाई सुरू करतो."

भिंतवाले काका ओट्यावरून म्हणाले, "दादा आता ताकही फुंकून पिणार. तो हलला नाही म्हणजे नाहीच." आणखी काही दारांतून माणसं बाहेर आली, दुकानाकडे बघून आत वळली. एकीने तर चटई पुन्हा जमिनीवर पसरली.

तिने नवऱ्याकडे बघितलं. तो मदतीला आला नाही. हे तिचं तिने करायचं होतं, त्याला कळत होतं.

"दुकान हललंय," ती म्हणाली.

"कुठे?" इस्त्रीवाल्याने मान लांब केली.

"मागच्या दाराने हललंय. परवाही हललं होतं. खाली दिसतात ती भुशाची पोती. डबे रिकामे आहेत. सगळा माल वरच्या खोलीत आहे, मी डोळ्यांनी बघितलाय. मोरी आताही उलटलीय. उचला सगळं."

क्षणभर कुणी हललं नाही. मग भिंतवाले काका उठून उभे राहिले. "ताई, भावा-बहिणीचं काही झालं असेल तर घरात मिटवा. असं चव्हाट्यावर—"

"काका, तुमचा रेडिओ कुठेय?"

काका बसले.

"तुम्हाला आधीच माहीत होतं?" इस्त्रीवाल्याने विचारलं. त्याच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

"पाणी आल्यावर कळलं. आधी मी तुम्हाला जे सांगितलं, ते मला सांगितलेलं होतं."

तेवढ्यात सगळ्यांनी वर बघितलं. दुकानावरच्या खोलीची खिडकी, जी पुरापासून बंद होती, ती उघडली होती. वहिनीने दोन्ही दारं पार भिंतीला लावली आणि बाजूला झाली. आत छतापर्यंत पोती दिसत होती.

मग गल्ली हलली. कुणी कुणाला हाक मारली नाही. इस्त्रीवाल्याची गाठोडी सगळ्यात आधी उचलली गेली, तिच्या माडीवर. गाद्या, ट्रंका, स्टोव्ह, पुस्तकं, म्हातारी माणसं, सगळं वर चाललं. कडक इस्त्रीचा औषधवाला छत्री घेऊन गल्लीच्या तोंडाशी आला तेव्हा समोरून दोघं एक कपाट आडवं धरून येत होते. त्यांनी त्याला "बाजू द्या, पाणी येतंय" असं सांगितलं. तो बाजूला झाला, थोडा वेळ बघत उभा राहिला, दादाशी एक शब्द न बोलता गेला.

आणि पाणी आलं नाही.

दुपार गेली, ऊन कललं. गटारांची झाकणं एकदा खदखदली आणि शांत झाली. धरणवाल्यांनी दरवाजे अर्धेच उघडले, असं नंतर कळलं. रिकाम्या घरांच्या दारांत माणसं दुखऱ्या कमरा धरून उभी होती. सकाळच्या घाईत एकीची बरणी फुटली होती, एकाचा पाय मुरगळला होता. लोक हळूहळू गल्लीत जमले आणि कुणी ताईकडे सरळ बघेना.

दादा दुकानातून उतरून गल्लीच्या मधोमध आला.

"कुठाय पाणी?" त्याने हात पसरले. "कुठाय? दाखवा मला!" मग तिच्याकडे बोट केलं. "हिने माझं घर बुडवलं. पाण्याशिवाय बुडवलं. सख्ख्या बहिणीने."

कुणीतरी पुटपुटलं, "खरंच, इतकी घाई करायला नको होती." भिंतवाले काका म्हणाले, "मी म्हणतच होतो." काय म्हणत होते ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

इस्त्रीवाल्याने खांद्यावरचं फडकं झटकलं. "हात दुखले, एवढंच ना? उद्या उतरवू खाली. परवा मला कोणी हात दुखवायचीही संधी दिली नव्हती." असं म्हणून तो आपली गाठोडी बघायला तिच्या माडीवर निघून गेला. बाकीचे पांगले. पुढच्या वेळी भोंगा वाजला तर कुणाकडे बघायचं, हे कुणी बोललं नाही, पण जाताना प्रत्येकाने एकदा दुकानाकडे बघितलं आणि मान फिरवली. दिशा चुकलेल्या माणसासारखी.

गल्लीत दोघंच राहिले. दादाचा आवाज बसला होता.

"तू केसाने गळा कापलास माझा."

तिला हसू आलं. हेच शब्द ती तीन दिवस तोंडात घोळवत होती आणि गिळत होती, आणि आज ते त्याच्या तोंडून ऐकायला मिळाले.

"दादा, एक विचारू? गल्लीचं सोड. त्या दिवशी मी पायरीवर उभी होते. तुला माहीत होतं माझ्या घरात कापूस आहे. तुझ्या घरी येतं त्याच्या दुप्पट पाणी माझ्याकडे येतं, हेही माहीत होतं. एवढं माहीत असताना माझ्या डोळ्यांत बघून कसं बोललास?"

दादाने मान दुकानाकडे वळवली. तिथे वहिनी रिकामे डबे फळीवरून काढत होती, त्यांचा पत्र्याचा आवाज येत होता. मग तो म्हणाला, आणि त्या दिवसातलं हे एकच वाक्य तो काहीही न लपवता बोलला,

"तुला सांगितलं असतं, तर तू सगळ्यांना सांगितलं असतंस."

ती त्याच्याकडे बघत राहिली. इतकी वर्षं तिला वाटायचं, हा आपल्याला ओळखत नाही, अजून झग्यातली चिमी समजतो. तसं नव्हतं. तो तिला पुरता ओळखत होता. ओळखत होता म्हणूनच त्याने तिला बुडवलं.

"हो," ती म्हणाली. "सांगितलं असतं."

तिने काठी उचलली, ओट्यावरची एक गादी उलटी केली आणि झोडपायला लागली. कुबट वास उठला. दादा थोडा वेळ उभा होता. त्याने एकदा "चिमे" अशी हाक मारली. तिने काठी थांबवली नाही, आणि त्याने दुसरी मारली नाही.